परतीचा शिक्का

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र विभाग राखला गेला, तेव्हापासून तेथील बाजारपेठेला परदेशी अभियंत्यांचे फारसे अप्रूप राहिलेले नाही. असा अभियंता रजेवर मायदेशी जातो आणि महिन्याभराने परत कामावर दिसतो. भारताचा रोजगार व्हिसा बहुधा अनेकदा ये-जा करण्याच्या मुभेसह मिळतो. मुदत शिल्लक असेपर्यंत परतताना नवा मागावा लागत नाही. हे रोज पाहणाऱ्या पेढीवरच्या वडिलांना साहजिकच वाटते की, अमेरिकेत नोकरी करणारा आपला मुलगाही असाच येईल आणि असाच जाईल.

तो येऊ शकतो. प्रश्न जाण्याचा असतो.

एच-१बी हा अमेरिकेतील तात्पुरत्या नोकरीचा परवाना प्रथम तीन वर्षांपर्यंतचा असतो आणि साधारणतः सहा वर्षांपर्यंत वाढतो. ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोहोचला असेल, तर त्याही पुढे मुदत मिळते. भारतीयांसाठी ती रांग एवढी लांब आहे की, कित्येकांचे दशक या 'तात्पुरत्या' परवान्यावरच सरते.

यातली मेख व्यापाऱ्याला मार्केट यार्डाच्या उदाहरणाने चटकन कळेल. पारपत्रावरचा व्हिसा हा फाटकावर दाखवायचा गेटपास. आत किती दिवस राहायचे, ते आय-९४ या वेगळ्या नोंदीवर ठरते. गेटपासची तारीख उलटली तरी आत बसलेल्याला कोणी उठवत नाही. गाळ्यावरचा व्यवहार चालूच राहतो. मात्र चहासाठी फाटकाबाहेर पाऊल पडले की नवा पास हवा. मुदतवाढ अमेरिकेत राहून मिळते, पण मुले ज्याला 'स्टॅम्पिंग' म्हणतात तो शिक्का परदेशातील वाणिज्य दूतावासातूनच घ्यावा लागतो. २०२४ च्या आरंभी वीस हजार अर्जांपुरता तिथल्या तिथे नूतनीकरणाचा प्रयोग झाला. तो पुढे चालू राहिला नाही.

पूर्वी हे काम दिवाळीच्या रजेत उरकत असे. २०२५ ने ती सवय मोडली. २ सप्टेंबरपासून मुलाखतीतली सूट बहुतेकांसाठी संपली. त्याच आठवड्यात, अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असा दंडक आला. १९ सप्टेंबरला एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि सुटीवर आलेल्यांनी मिळेल त्या विमानाने परतीची वाट धरली. हे शुल्क नव्या अर्जांपुरते असल्याचा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला, तोवर अनेकांनी तिकिटांवर व्हायचा तो खर्च केला होता. पुढे १५ डिसेंबरपासून अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातील कित्येक मुलाखती मार्च २०२६ वर किंवा त्याही पुढे ढकलल्या गेल्या. परतीचे तिकीट जानेवारीचे, मुलाखत मार्चची! मधल्या काळात तिकडे घराचा हप्ता थांबत नाही आणि भारतात बसून काम करण्याची परवानगी प्रत्येक मालक देतोच असे नाही.

त्यातही एक विचित्र गोष्ट घडते. तिकडे जन्मलेला नातू अमेरिकेचा नागरिक असतो. आजोबांच्या घरी येण्यासाठी त्याला ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. परतताना मात्र त्याला कोणी अडवत नाही. अडतात ते त्याचे आईवडील. पत्नीचा एच-४ व्हिसाही त्याच मुलाखतीच्या चक्रात सापडलेला असतो.

लग्नाचा मुहूर्त पुढेमागे करता येतो. आजीने संथारा घेतला, तर दिवस कोणाच्याच हाती नसतात. शिक्क्याची मुदत संपलेला नातू तिकडे फोन हातात धरून बसतो; निघावे तर नोकरी आणि मुलांची शाळा टांगणीला, न निघावे तर जन्माची रुखरुख. आणि इकडे उठावण्याच्या बैठकीत कोणीतरी सहज बोलून जाते, 'अमेरिकेला गेला, माणसांना विसरला.' हे बोलणे अन्यायाचे आहे. बोलणाऱ्याने त्या मुलाच्या पारपत्रावरची तारीख पाहिलेली नसते.

म्हणून घरात कार्य ठरवताना पंचांग उघडण्यापूर्वी मुलाला शिक्क्याची तारीख विचारलेली बरी. ती परतीच्या दिवसापर्यंत पुरत असेल, तर बरीचशी काळजी मिटते. पारपत्राची मुदतही पाहावी. ती जवळ आली असेल, तर विमानतळावर राहण्याची मुदत तेवढीच तोकडी लिहिली जाऊ शकते. शिक्षण संपवून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर येण्याचा अर्ज प्रलंबित असेल, तर निर्णयापूर्वी देश सोडला की तो बदलाचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते. अशा मुलाला बहिणीच्या साखरपुड्याचा आग्रह करू नये.

आईवडिलांची पावले चालती आहेत तोवर त्यांचा पर्यटक व्हिसा मात्र काढून ठेवावा. भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि प्रत्येक खेपेस साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. मुलगा निघू शकत नसेल, तेव्हा आई तरी त्याच्या दारी पोहोचते. त्यासाठी मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागतात: एक बोटांच्या ठशांसाठी, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. सकाळची वेळ मिळाली असेल, तर सुप्याहून रात्रीच निघावे लागते.