‘थंड आई’ कोणी जन्माला घातली?

मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही, असं लक्षात आलं की घरात पहिली झडती आईची होते. ग्रहणात बाहेर का गेलीस? नोकरी सोडली का नाहीस? हातात मोबाईल कशाला दिलास? बापाला यातलं कुणी काही विचारत नाही.

हे सासवांचं अडाणीपण म्हणून सोडून देता येत नाही, मैत्रिणींनो. हा आरोप शिकल्यासवरल्या पुरुषांनी शास्त्राच्या नावाने केलेला आहे. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांचा अभ्यास मांडला, आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, जगाला माहीत झाली. (ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी १९२५ मध्येच अशा मुलांचं वर्णन केलं होतं. त्यांचं नाव मागे पडलं, हेही नेहमीचंच.) पुढे कॅनरनीच या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाला फ्रिजची उपमा दिली. आईबापातला बाप लवकरच गळाला, उरली ती ‘फ्रिजसारखी आई’. ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ च्या पुस्तकात या मुलांची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. मग पहारेकरी कोण, हे सांगायला नकोच.

हे सारं खोटं होतं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञ बापाने ते १९६४ मध्येच खोडून काढलं होतं. १९७७ मध्ये सुसान फोलस्टाईन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाली. वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते, आणि तिची सुरुवात जन्माआधी होते. मोबाईलचा अतिरेक वाईटच, पण त्याने मूल स्वमग्न होत नाही. मिक्सरच्या आवाजाने कान दाबून किंचाळणारं मूल हट्टी नसतं, त्याला तो आवाज खरोखर सोसत नाही. आणि मुलगी असली तर तिच्या गप्प बसण्याला आपल्याकडे ‘गुणी’ म्हणतात. तिचं निदान व्हायचं राहूनच जातं.

सर्वांत संतापजनक उपाय म्हणजे ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ कोण सुधारणार? स्वमग्नता हा बरा होणारा आजार नव्हे, ती जन्मभराची असते. खरं न सांगता एक परकी मुलगी घरात आणायची आणि बिनपगारी परिचारिका करून ठेवायची, ही सरळ फसवणूक आहे. त्या मुलालाही लग्न हवं आहे का, हे कुणी विचारत नाही.

नवऱ्याने टाकलेल्या बाईची केस आपल्या केंद्रात येते, तेव्हा मुलाबद्दल नीट चौकशी करा. स्वमग्नता १९९५ च्या अपंग कायद्यात नव्हती, २०१६ च्या कायद्यात आहे. तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. आणि पोटगीच्या अर्जात मूल १८ वर्षांचं होईपर्यंतचाच हिशोब मांडू नका. जुन्या कलम १२५ मध्ये होतं आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे: शारीरिक वा मानसिक कारणाने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यालाही बापाकडून पोटगी मागता येते. वकील हे विसरतात. त्यांना आठवण करून द्या.