मिस्त्री, गार्ड कुठंय?

गेल्या दिवाळीआधी आमच्याकडे स्वयंपाकघराचं फर्निचर करायला घेतलं होतं. मिस्त्रींनी अंगणात दोन स्टुलांवर प्लायवूडचा तुकडा टाकला, त्याला खालून कटर उलटा बसवला आणि वर नुसतं फिरतं पातं! झालं कापायचं टेबल तयार. पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, केव्हाच काढून टाकलेलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या हाताखालचा मुलगा अरुंद पट्टी बोटांनीच पुढे सरकवत होता. बोट आणि पातं यांत दोन इंचाचंही अंतर नव्हतं. माझ्या पोटात गोळाच आला.

"मिस्त्री, गार्ड का हो काढलंत?"

"वहिनी, गार्ड लावलं की रेघ दिसत नाही, काम लांबतं. वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही."

मला आमच्या बचत गटातली एक ताई आठवली. तिचे मिस्टरही असंच म्हणायचे. एका दुपारी दोन बोटं गेली. हातावर पोट असलेला माणूस, आणि हातच अधू झाला. पंतप्रधान सुरक्षा विमा काढलेला होता, वर्षाला 20 रुपयांचा. पण त्यात संपूर्ण हात निकामी झाला तर एक लाख मिळतात, दोन बोटं त्यात बसत नाहीत. आज ती चार घरी पोळ्या लाटते. अपघात त्यांना झाला, पण भरपाई तीच करते आहे.

कायदा नाही का? 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 21 नेच यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा सक्तीचा केला होता. पण तो विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होता. 2020 च्या नव्या संहितेत तर ही संख्या वीस झाली. आपल्या अंगणातल्या तिघांना कोण विचारणार?

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या गृहस्थांनी 1999 मध्ये एक युक्ती शोधली. पात्यात हलका विजेचा संकेत सोडलेला असतो. माणसाचं बोट लागलं की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. सुमारे 5 मिलिसेकंदांत पातं थांबतं. बोट तुटण्याऐवजी फक्त ओरखडा! 2004 पासून अशी यंत्रं विकली जातात. ती महाग आहेत, आणि तिथेही ती सक्तीची झालेली नाहीत.

ते राहू द्या. आपल्या मिस्त्रींना परवडणाऱ्या गोष्टीही आहेतच. एक म्हणजे कटरबरोबर आलेलं गार्ड. टेबलावरच्या करवतीला पात्यामागे उभी पोलादी पट्टी लागते. ती नसली तर कापलेलं लाकूड पात्याला आवळतं आणि उसळून अंगावर येतं. तिसरी गोष्ट तर फुकट. उरलेल्या प्लायची खाच पाडलेली काठी, लाकूड पुढे ढकलायला. बोटाऐवजी काठी कापली जाते. आणि हो, फिरत्या पात्यापाशी हातमोजे नकोत. मोजा अडकला की हातच ओढला जातो.

कुकरला सेफ्टी व्हॉल्व नसेल तर आपण तो घेऊ का? मग सनमायकाचा रंग चार दुकानांत बघणाऱ्या आपण गार्डबद्दल का विचारत नाही? पैसे आपण देतो, घर आपलं, घाईही बहुतेक वेळा आपलीच असते. "दिवाळीच्या आत झालंच पाहिजे" असं मीच म्हटलं होतं. त्या दिवशी मी म्हटलं, "दोन दिवस जास्त लागू देत, पण गार्ड लावा." मिस्त्री हसले. पण लावलं.

मैत्रिणींनो, एवढं ऐकूनही अपघात झालाच, तर तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरून ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा. बोट पुन्हा जोडता येण्याची शक्यता असते.

पण ती वेळच येऊ नये. पुढच्या वेळी घरात करवतीचा आवाज आला की चहाच्या कपाबरोबर एक प्रश्नही घेऊन जा. "मिस्त्री, गार्ड कुठंय?" त्यांच्या घरीही कुणीतरी संध्याकाळी वाट बघत असतं.