एकच किल्ली, सर्व कुलुपे : ओळख व देखरेख प्रणालींच्या सांगडीतील लाभ आणि जोखीम

नवी दिल्ली : बँका, रुग्णालये आणि सरकारी कार्यालयांच्या सर्व्हरवर अहोरात्र लक्ष ठेवणाऱ्या देखरेख प्रणालीत प्रवेश कोणाला द्यावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. डिसेंबर २०२० मधील लागोपाठच्या दोन दिवसांनी त्याचे खरे गांभीर्य दाखवून दिले.

१३ डिसेंबर रोजी अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ‘ओरायन’ या देखरेख सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये छुपा घातक कोड मिसळला गेल्याचे उघड झाले. ते सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. अमेरिकी प्रशासनाच्या माहितीनुसार नऊ केंद्रीय यंत्रणा आणि सुमारे १०० खासगी कंपन्यांत प्रत्यक्ष घुसखोरी झाली. संपूर्ण नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या साधनाला व्यापक अधिकार द्यावे लागतात आणि हल्लेखोरांनी नेमका त्याचाच लाभ घेतला. काही ठिकाणी त्यांनी ओळख पडताळणीच्या सर्व्हरवरील डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र चोरून इतरांच्या नावे बनावट प्रवेश मिळविला. फायरआय या कंपनीला सुगावा लागला तो मात्र एका साध्या सूचनेमुळे : कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसरा फोन जोडला गेला होता.

दुसऱ्याच दिवशी, १४ डिसेंबरला, गूगलची मध्यवर्ती ओळख प्रणाली साठवणुकीच्या मर्यादेतील चुकीमुळे कोलमडली. जीमेल, यूट्यूबसह लॉगिन लागणाऱ्या सेवा जगभरात सुमारे पाऊण तास ठप्प झाल्या. या वेळी कोणीही हल्ला केला नव्हता.

या दोन्ही घटना एकत्र पाहिल्यास धडा स्पष्ट होतो. देखरेख प्रणाली मध्यवर्ती ओळखीशी जोडल्यास नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश एकाच ठिकाणी रद्द होतो, सामायिक पासवर्ड संपतात आणि कोणी काय बदलले याची नोंद राहते. लॉगिनच्या नोंदी देखरेखीत आल्यास अवेळी झालेला प्रवेश तत्काळ नजरेस येतो. मात्र ओळख प्रणालीच बंद पडली, तर बिघाड शोधणारा अभियंताही दाराबाहेर राहतो. त्यामुळे मोहोरबंद ठेवलेले, वापर होताच इशारा देणारे आणीबाणीचे स्वतंत्र खाते अपरिहार्य ठरते. तसेच देखरेख साधनाला बहुतांश ठिकाणी केवळ वाचनाचा अधिकार पुरेसा असतो.

भारतात ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे, नोंदी १८० दिवस जतन करणे आणि सर्व यंत्रणांची घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक केले. दोन प्रणालींतील नोंदींची वेळ जुळत नसेल, तर घटनाक्रम लावता येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि रुग्णनोंदणी अनेक दिवस कागदावर करावी लागली. अशा बिघाडाची किंमत अखेर रांगेत उभा असलेला रुग्ण मोजतो. म्हणूनच, किल्ली कोणाकडे आहे आणि ती हरवल्यास पर्याय काय, हे संस्थांनी संकटापूर्वीच ठरविणे आवश्यक आहे.