वैमानिकाचा नकार आणि संघटनेचे बळ

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या गावी निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर उतरले की बांधाबांधावर गर्दी लोटते. उतरणारा पुढारी साऱ्यांना दिसतो. त्याला सुखरूप आणणाऱ्या वैमानिकाकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. गोदाकाठच्या ऊसतोडणी कामगाराची संघटना सर्वांना पटते. परंतु भरघोस वेतन घेणाऱ्या वैमानिकाला ती कशाला हवी, असा प्रश्न येथे कुणी विचारल्यास तो गैरवाजवी ठरणार नाही. मात्र त्याचे उत्तर वेतनपत्रकात नसून अपघातांच्या नोंदींत आहे.

२५ मे २०१७ रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत सापडून कोसळले. सुदैवाने सर्वजण बचावले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यानजीक बावधनला दोन वैमानिक व एक अभियंता मृत्युमुखी पडले. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सातजण दगावले. त्यांत वणीचे एक कुटुंब होते. या अपघातांची कारणे एकच होती असे नव्हे. परंतु धुके, वजन वा जागा पाहून ‘आज उड्डाण नाही’ असे म्हणण्याचे मोल किती, हे अशा घटनांनीच कळते.

नियमाने हा अधिकार वैमानिकाचाच आहे. पण ज्याच्या कराराचे नूतनीकरण मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने घाईतल्या बड्या प्रवाशाला नकार द्यावा कसा? नकाराचा लाभ सर्वांना आणि भुर्दंड एकट्याला, अशी ही स्थिती आहे. अशी वस्तू समाजात नेहमीच अपुरी पडते, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धान्त होय. संघटना हा भुर्दंड वाटून घेते; हेच तिचे खरे प्रयोजन.

संघटनेने काय साधते, याचे उदाहरण याच व्यवसायात आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘पवन हंस’ची हेलिकॉप्टरे जुहूहून समुद्रातील तेलक्षेत्रात कामगारांची ने-आण करीत आली. तेथील कंत्राटी कर्मचारी भविष्य निर्वाह निधीपासून वंचित होते. एव्हिएशन कर्मचारी संघटना न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. हा लढा केवळ वैमानिकांचा नव्हता. परंतु एकट्यादुकट्याला तो पेलला असता काय?

अडचणीही आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, आस्थापनेत अनेक संघटना असतील तर वाटाघाटीचा एकमेव अधिकार ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असणाऱ्या संघटनेला मिळतो. संपासाठी १४ दिवसांची पूर्वसूचनाही आवश्यक आहे. मूठभर वैमानिकांच्या लहान कंपन्यांत अशी संघटना रुजणे कठीण. यास्तव ती कंपनीपुरती न राहता व्यवसायव्यापी असावी. तिनेही एक मर्यादा पाळावी. वेतनवाढीसाठी सुरक्षिततेची ढाल पुढे केली, तर तिच्या खऱ्या इशाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मुकादमाची उचल घेतलेल्या तोडणी कामगाराला आजारपणातही फडात उतरावे लागते, कारण ‘नाही’ म्हणण्याची त्याची ऐपत नसते. करारावरील वैमानिकाचे वेतन कितीतरी अधिक असले, तरी या एका बाबतीत तो त्याच्याच पंक्तीला बसतो. फरक इतकाच की, त्याच्या असहायतेत प्रवाशांचेही प्राण गुंतलेले असतात.