भागीदार बदलला, हमीचे काय?

भागीदार बदलला की हमी नव्याने घ्यावी, हे व्यापारी घराण्यांना सांगावयास नको. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या ३८व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, पेढीची घडण बदलल्या दिवसापासून पुढील व्यवहारांपुरती चालू हमी संपुष्टात येते. बँकही अशा वेळी नवी कागदपत्रे मागते. त्यात कोणाविषयी अविश्वास नसतो. खासगीपणाची ग्वाही देणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र आपण हा नियम लावीत नाही.

व्हॉट्सॲपचे उदाहरण घ्या. जॅन कूम व ब्रायन ॲक्टन यांनी ते २००९ मध्ये स्थापन केले. जाहिरातींना दोघांचा विरोध होता. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले. दोन्हीकडील खाती आपोआप व खात्रीशीरपणे जुळविता येणार नाहीत, असे त्या वेळी युरोपीय आयोगास सांगण्यात आले होते. २०१६ मध्ये ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक फेसबुकशी जोडण्याची तरतूद धोरणात आली. दिलेली माहिती दिशाभूल करणारी होती, असे ठरवून आयोगाने २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. त्याच वर्षी ॲक्टन आणि पुढील वर्षी कूम बाहेर पडले. संदेशांचा मजकूर आजही कुलूपबंद असतो, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. बदलले ते मजकुराभोवतीच्या माहितीचे धोरण.

पुढे ॲक्टन यांनी २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर देऊन सिग्नल फाउंडेशनच्या स्थापनेत भाग घेतला. नेतृत्व तेथेही बदलले. २०२२ च्या जानेवारीत संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक मुख्याधिकारीपदावरून दूर झाले आणि सप्टेंबरमध्ये मेरेडिथ व्हिटेकर अध्यक्ष झाल्या. परंतु संस्था ना-नफा तत्त्वावरील, देणग्यांवर चालणारी. तिला भागधारक नाहीत. आज्ञावली सर्वांस खुली असल्याने तज्ज्ञ ती तपासू शकतात. येथे मुनीम बदलला, पेढी विकली गेली नाही.

म्हणून पर्याय निवडताना चार प्रश्न विचारावेत. मालक कोण? उत्पन्न कशातून येते? आज्ञावली बाहेरच्या तज्ज्ञांस तपासता येते काय? आणि उद्या सोडून जावयाचे झाल्यास आपली माहिती सोबत नेता येईल काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आजचा उत्तम पर्यायही उद्या बदलू शकतो.

स्थलांतर घाईने करू नये. नवे खाते सुरळीत चालल्यावरच जुने बंद करावे. ग्राहक जुन्या ठिकाणीच असतील तर ऑर्डरी तेथे चालू द्याव्यात. खात्यांचे तपशील, मृत्युपत्राचे मसुदे व वैद्यकीय कागद आधी हलवावेत. सिग्नलवरील संदेश मुख्यतः आपल्या फोनवरच राहतात. बॅकअप न घेता फोन हरवला तर तेही जातील. व्यवहाराची नोंद म्हणूनच वहीत वा हिशेबाच्या प्रणालीत स्वतंत्रपणे ठेवावी.

पेढीच्या कागदपत्रांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्याच दिवशी फोनमधील ॲपचे मालक कोण आहेत, हेही पाहून घ्यावे.