गाडी ‘टोटल’ झाली, म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या एका निसरड्या वळणावर आमची गाडी घसरली आणि डाव्या बाजूनं कठड्यावर आदळली. सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही. गाडी २००७ सालची, आमची अमेरिकेतली पहिली नवी गाडी. लेकीला इस्पितळातून घरी आणलं ते हिच्यातून, आई-बाबांना नायगारा दाखवला तोही हिच्यातूनच. आता लेक ड्रायव्हिंग शिकतेय आणि ही गाडी तिलाच द्यायची, हे घरात कधीचंच ठरलं होतं.

विमा कंपनीनं गाडी ‘टोटल’ ठरवली. मी ठरवलं, पैसे थोडे कमी घ्यायचे, गाडी आपल्याकडेच ठेवायची आणि नव्यानं बांधून काढायची. तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ आली असेल, म्हणून माझं मत इथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘टोटल’ हा निकाल इंजिनिअरचा नसतो, हिशेबनिसाचा असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की गाडी टोटल. हे प्रमाण काही राज्यांत ७५ टक्के आहे, टेक्ससमध्ये १०० टक्के. म्हणजे जुन्या, स्वस्त गाडीचा बंपर, दिवे आणि दोन एअरबॅग गेल्या तरी ती टोटल होऊ शकते, सांगाडा अगदी धडधाकट असला तरी. उलट महागड्या गाडीचा सांगाडा वाकला असला तरी कागदावर ती ‘दुरुस्त होण्याजोगी’ ठरते. त्यामुळे विमा कंपनीच्या शब्दावर गाडी मोडीत काढू नये, आणि त्याच शब्दावर निर्धास्तही होऊ नये.

मग कशावर ठरवायचं? माझं उत्तर आहे, सांगाड्यावर.

आपल्याकडे गॅरेजमध्ये चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे कारागीर आपण पाहिलेत. जुन्या गाड्यांचं पोलाद साधं आणि मऊ होतं, ठोकणं आणि तापवणं ते सोसायचं. आजच्या गाड्यांत प्रवाशांभोवतीच्या खांबांना बऱ्याचदा बोरॉनयुक्त पोलाद वापरतात. ते लालबुंद असताना साच्यात दाबून लगेच थंड करतात, आणि त्यातून त्याची ताकद सुमारे १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. ही ताकद त्या झटपट थंड होण्यातून आलेली असते. दुरुस्तीसाठी तेच पोलाद पुन्हा तापवलं तर ती निघून जाते. खांब दिसायला सरळ होतो, पण आतून तो पूर्वीचा राहत नाही. म्हणूनच असे भाग सरळ न करता बदलायचे असतात.

पुढच्या भागाची गोष्ट वेगळी. तो चेपण्यासाठीच बनवलेला असतो. ही कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बरेन्यी यांची. १९५९ पासून ती प्रत्यक्ष गाड्यांत आली. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी ६० सेंटिमीटर चेपत थांबली, तर प्रवाशांना सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का बसतो. तीच १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर जवळजवळ १०० पट. पण एकदा चेपलेला भाग आपलं काम करून मोकळा झालेला असतो. नुसता ओढून सरळ केला, तर पुढच्या वेळी तो ठरल्याप्रमाणे चेपेलच याची खात्री नाही.

‘जुन्या गाड्या कशा दणकट असायच्या’ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २००९ साली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या, ताशी ४० मैलांनी. बेल एअरमध्ये चालकाची जागाच कोसळली. मालिबूचं नाक चेपलं, आतली जागा शाबूत राहिली.

आमच्या गाडीच्या बाबतीत मेकॅनिकनं खालून टॉर्च मारला आणि प्रश्न मिटला. पुढची रेल वाकली होती. ती कापून नवी जोडता आली असती, पण जोड द्यायला निरोगी धातू लागतो. तिथे सतरा हिवाळ्यांचं मीठ बसलं होतं. रस्त्यावरच्या बर्फासाठी टाकलेलं मीठ पाण्याची वीजवाहकता वाढवतं आणि गंजण्याला वेग देतं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर पापुद्रे निघाले.

तरीही मन मानत नव्हतं. कानमन, क्नेश आणि थेलर यांनी १९९० साली मगांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मग हातात आल्यावर तो विकायला लोक जी किंमत मागत, ती विकत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. साध्या मगाचं हे, तर अठरा वर्षांच्या गाडीचं काय! या ओढीची लाज वाटायचं कारण नाही. फक्त ती वेल्डिंगच्या निर्णयात आणू नये.

‘दुरुस्ती म्हणजे पर्यावरणरक्षण’ हा मुद्दा मला मान्य आहे. नवी गाडी बनवताना काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून सांगाडा मोजून नीट भरला, गंज वरवरचा असला, तर हिशेबनीस काहीही म्हणोत, गाडी जरूर वाचवा. पैसे वाया गेले तरी चालतील. सांगाडा गेला असेल, तर मात्र सोडून द्या. तिचं इंजिन, दारं, काचा दुसऱ्या गाड्यांना लागतात आणि उरलेलं पोलाद वितळून पुन्हा पोलादच होतं.

स्वतःसाठी मी कदाचित धोका पत्करलाही असता. पण त्या सीटवर लेक बसणार होती. ती थोडी रुसली, मग गिअरची मूठ काढून घेऊन गेली. ती आता तिच्या टेबलावर आहे.