जीवशास्त्र घेतले, तरी गणित सोडू नका

गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तलावावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात. असेच एक स्थलांतर तुमच्या डोक्यातही, तुमच्या जन्मापूर्वीच झाले आहे!

मेंदूचे बाह्यक जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड. पण त्यात पेशींचे सहा थर असतात. यातील बहुतेक मज्जापेशी खोल आत जन्मतात आणि आधारपेशींच्या लांब धाग्यांवरून वर चढतात. गंमत अशी, की मागून आलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात जातात.

तलावाकाठी सहलीला गेलात, तर मोकळ्या उतारावर हा खेळ खेळून पाहा. वर एकाला झेंडा देऊन उभे करा. बाकीच्यांनी रांगेरांगेने सरळ चढावे, आधी आलेल्यांना ओलांडावे आणि झेंड्यापाशी थांबावे. रांग आली की झेंडेवाल्याने एक पाऊल वर सरकावे. शेवटची रांग सर्वांत वर दिसेल. आता 'ओलांडा' हा नियम काढा. मागचे खालीच अडकतील आणि क्रम उलटा होईल.

असे उलटे थर खरोखरीच आढळतात. १९५१ साली झोकांड्या खाणाऱ्या उंदरांची एक जात नोंदवली गेली. १९९५ साली तिचे जनुक सापडले. वरच्या कडेच्या पेशींतून स्रवणारे रीलिन हे प्रथिन या उंदरांत नसते. म्हणजे आपला झेंडेवालाच हरवलेला!

पण रीलिन पेशींना 'थांबा' सांगते, की 'ओलांडा'? यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. अशा वेळी दोन्ही तर्क समीकरणांत मांडतात. पेशींचा वेग, त्यांची संख्या, जन्माची वेळ हे आकडे संगणकाला देतात आणि कोणत्या तर्कातून उंदरात दिसते तसे चित्र उमटते, ते पाहतात. चित्र जुळले म्हणजे तर्क सिद्ध झाला, असे मात्र नव्हे. निकाल प्रयोगच देतो. पण न जुळणारा तर्क बाजूला सारता येतो, हा लाभ काय थोडा आहे?

दहावीनंतर अनेक जण गणित टाळण्यासाठी जीवशास्त्र घेतात. माझ्या मते ही मोठी चूक आहे. पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. पण हजारो पेशी मिळून काय घडवतील, हे समजायला गणितच लागते. डॉक्टर व्हा, संशोधक व्हा. पण गणिताची वही मिटू नका.